आधीच रंगून आलेला जोकर

नांदेडच्या शाखेत मी स्वतः जोकर का झालो, हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी लातूरला एका प्रीस्कूलचा अ‍ॅक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी आठवडाभर काय करायचं, ते मी ठरवतो. शाखा दोन, लातूर आणि नांदेड. मागच्या हिवाळ्यात 'सर्कस वीक' ठेवला होता. फरशीवर रंगीत टेप चिकटवायची, ती दोरी. मुलं तिच्यावरून हात पसरून चालतात, तोल सांभाळायला शिकतात. हुलाहूपमधून उडी मारणारा वाघ म्हणजे आमचंच एखादं पोरगं, शेपटी खोचलेलं. शेवटच्या दिवशी जोकर.

जोकरचा एक नियम आहे. तो मीच दोन्ही शाखांना घालून दिलाय. जोकरनं रंग मुलांसमोर बसून लावायचा. आधी साधा चेहरा, मग नाक, मग गाल. एखाद्या मुलाच्या हातात ब्रश द्यायचा. या वयात चेहरा बदलला की माणूसच बदलला असं वाटतं. आत तोच माणूस आहे, हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागतं.

लातूरला सगळं ठीक झालं. मग नांदेडच्या हेड, कल्पना मॅडम, यांचा फोन आला.

"सर, आमचा व्हॅनवाला जोकर होतो म्हणून राहिला. लई हसवतो लेकरांना."

"नको. मी येतो."

"तुम्ही? मीटिंगमध्ये तुम्हाला हसताना कुणी बघितलं न्हाई, आन् जोकर?"

"येतो म्हटलं ना."

कारण तिथे नर्सरीत ओवी होती. माझी नात. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नव्हतो. ओवी झाली तेव्हाही गेलो नाही. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतात. एका फोटोत गेटपाशी माझी मुलगी दिसली, आणि तिचं बोट धरलेली ही. तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला असेल. ओवीची हनुवटी थेट माझ्या आईची.

मला एकदाच तिचा हात धरून तिला टेपवरून चालवायचं होतं. पण त्या दिवशी पालकही येणार होते, आणि मुलीनं मला ओळखायला नको होतं. म्हणून ऑफिसात दार लावून रंग लावला, विग घातला आणि तसाच वर्गात गेलो.

ओवी टेपच्या टोकाला उभी होती. मी वाकून हात पुढे केला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अशी किंचाळली की मागचं पोरगं रडायला लागलं. मग सगळा वर्ग.

वर्गातल्या मावशींनी तिला उचललं. "उगी बाळा, उगी. कोन बी न्हाई ते."

कल्पना मॅडम कानाशी आल्या. "सर, नियम तुमचाच ना? पाणी आणते. तिच्यासमोर तोंड धुवा, गप होईल."

उपाय बरोबर होता. मीही हेच सांगितलं असतं. पाणी आलं. मी ओंजळ भरली, तेवढ्यात दारात माझी मुलगी दिसली. बारीक झाली होती. ओवी तिच्याकडे झेपावली.

"आई, त्याला जा म्हण."

मी ओंजळ सोडून दिली आणि मागच्या दारानं निघालो. परतीच्या वाटेवर लोह्याजवळ गाडी थांबवून एका नळावर रंग उतरवला.

संध्याकाळी मॅडमचा फोन.

"सर, ओवीची आई तुमच्या ओळखीची हाय का? अ‍ॅडमिशनच्या वेळीच विचारत होती, लातूरचे सर इकडं येत असतात का म्हणून. मी हाव म्हणले. लगेच अ‍ॅडमिशन घेतली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज बी विचारलं, जोकर कोण होता."

"काय सांगितलं?"

"व्हॅनवाल्याचं नाव सांगितलं. तुमची इज्जत राखली."

मी "बरं केलं" म्हणालो.

आता नियमात एक वाक्य वाढवलंय: आधीच रंगून आलेल्या जोकरला वर्गात घेऊ नये, मग तो कोऑर्डिनेटर का असेना. ओवी अजून टेपवर पाय ठेवत नाही, असं मॅडम सांगतात. तिच्यासमोर बसून तोंड धुणं माझ्याकडे बाकी आहे. तिच्या आईसमोरही.