पारचा पाहुणा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना ‘आजीचं आता वय झालं’ असं तुम्हाला वाटायला नको. माझे वडील रेल्वेत होते. मी सुरतेला इंग्रजी शाळेत आणि नंतर दोन वर्षं कॉलेजात शिकले. कोणी काही ऐकीव सांगायला लागलं की ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ असं विचारायची माझी सवय घरात सगळ्यांना माहीत होती.

परवा फोनवर तुम्ही दोघं त्या भीतीच्या मालिकेबद्दल बोलत होतात — रोजचे नट कोण, एखाद्या भागापुरता येणारा पाहुणा नट कोण, आणि वाईट होतं ते नेहमी पाहुण्याचंच कसं! मी हसले नाही, ते तुमच्या लक्षात आलं. तुम्ही हे अनुभवांचं पान वाचता असं म्हणालात, म्हणून इथेच लिहिते. तुमच्या मीनाआत्याला विचारून लिहिते आहे. ही तिच्या जन्माची गोष्ट आहे.

आपलं गाव कोरीटच्या पुढे, तापीच्या अलीकडच्या काठावर. साल सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही पश्चिम खानदेशात मोडायचो. आमच्या बाजूला नदीवर पूल नव्हता. वैशाखात पाणी इतकं उतरायचं की बैलगाडी सरळ पलीकडे जायची आणि वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल पसरलेले असायचे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या, कडुनिंबाला झोके बांधले जायचे, आणि त्याच दिवसांत गावात एक नाटक व्हायचं. रोज दिवेलागणीनंतर एक भाग, असं आठवडाभर. लोक त्याला ‘पारचा पाहुणा’ म्हणत. पार म्हणजे नदीपार. एक मेलेला माणूस नदीपलीकडून गावात येतो आणि दारोदार एकच विचारतो — माझं घर कुठलं? त्याला कोणी ओळखत नाही. शेवटच्या दिवशी पाटील त्याला सांगतो, ‘बाबा, तुझं घर इथं नाही,’ आणि त्याला गाडीत बसवतो.

पाटील, न्हावी, पाटलाचा मुलगा ही जिवंत माणसांची कामं आमच्याच गावची मंडळी वर्षानुवर्षं करायची. मेलेल्याचं काम मात्र गावातल्या माणसानं करायचं नाही. त्यासाठी बाहेरचा नट बोलावत. खेळ संपला की त्याला तोंडाचा रंग न पुसता खरोखरच गाडीत बसवायचं, शिदोरी द्यायची आणि नदीपार सोडायचं. तोंड धुवायचं ते पलीकडच्या काठावर. मला ही प्रथा आवडायची. नाटक रंगमंचावरून उतरून नदीपर्यंत जातं, एवढाच तिचा अर्थ मी घेत असे.

पाहुण्याचं काम नदीपलीकडच्या खापरच्या बाजारात शिवणकाम करणारे नथूभाऊ करायचे. त्या वर्षी ते आलेच नाहीत. निरोपही नाही. मंडळी पारावर चिंतेत बसली, तेव्हा माझा दीर उत्तम उठला. तो दरवर्षी पाटलाचा खुळा मुलगा व्हायचा. सगळ्या गावाला हसवणारा माणूस!

“मी करस ना! मन्हं तोंड, मन्हा रंग. मी सोता नदीपार जाईसन धुईसन येसू, मंग ते व्हयनं ना?”

म्हाताऱ्यांना ते पटलं नाही. पण स्वतः नदीपार जाऊन तोंड धुईन म्हणतो आहे, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

उत्तमची बायको सुमन तेव्हा दिवस भरत आलेली. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती आमच्याकडेच होती. शेवटच्या दिवशी खेळ संपता संपता तिला कळा सुरू झाल्या. कोणीतरी गर्दीतून ओरडलं, आणि उत्तम गाडीकडे जायचा तो घराकडे धावला. त्याला कोण अडवणार? बाप होणाऱ्या माणसाला ‘आधी नदीपार जा’ असं कोण सांगणार? त्यानं आमच्या अंगणातल्या हौदावर तोंड धुतलं आणि ओट्यावर बसला.

पहाटे मुलगी झाली. सासूबाई — आम्ही त्यांना जिजी म्हणायचो — बाळाला फडक्यात गुंडाळून दारात आल्या.

“उत्तम, आंडेर व्हयनी रे! दख, नाक तुन्हंच शे.”

उत्तम उभा राहिला. त्यानं हात जोडले.

“चांगलं व्हयनं, माय. घरधनी कथा गया? त्याले सांगा ना.”

घरधनी कुठे गेला, हे बापच विचारतो म्हणून आम्ही हसलो. शेजारचेही हसले. “बाप व्हयना म्हनीसन घाबरी गया,” कोणी म्हणालं. “उत्तमभो, सोंग आते उतार, पेढा कोन वाटी?” उत्तम सगळ्यांकडे नम्रपणे पाहत राहिला... परक्या गावात पाहुणा पाहतो तसा.

दुपारपर्यंत हसणं थांबलं.

तो घरात पाऊल टाकेना. जेवण ओट्यावरच घ्यायचा, ताटाला नमस्कार करून. मला तो ‘वहिनी’ म्हणायचा, आता ‘बाई’ म्हणू लागला. ताप नव्हता, बडबड नव्हती. मी त्याला नाव विचारलं, तर म्हणाला, “माले आते नाव कसालं?” आणि संध्याकाळ झाली की रस्त्याकडे बघून विचारायचा, “मन्ही गाडी कव्हय जुपतीन?”

तुमचे आजोबा धुळ्याला नोकरीवर होते, त्यांना तार केली. मी नंदुरबारहून डॉक्टर बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, मनावर ताण आहे म्हणाले, झोपेचं औषध दिलं. उत्तम झोपला, उठला, आणि हात जोडून डॉक्टरांची विचारपूस केली. माझा भरवसाही डॉक्टरांवरच होता. विश्रांतीनं बरं वाटेल, असं मी घरात सांगत होते... पण माझा आवाज दिवसेंदिवस हळू होत गेला.

सगळ्यात कठीण होतं ते सुमनचं. बाळंतिणीची खोली ओट्याला लागून. मधे एक लहानशी खिडकी. नवरा हाताच्या अंतरावर बसलेला, आणि तो तिला ‘घरातल्या लेकुरवाळ्या बाई’ म्हणायचा. ती रडायची नाही. एका दुपारी म्हणाली, “वहिनी, पोरले त्यासना मांडीवर ठेवा. तिले तरी वळखतीन.”

मी बाळ नेलं. त्यानं नीट, सराईत माणसासारखं घेतलं. बाळ रडत होतं ते थांबलं. खिडकीच्या गजांना सुमनची बोटं दिसत होती. बराच वेळ तो बाळाशी अगदी हळू काहीतरी बोलत होता. मग त्यानं ते माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाला, “भलती गोड शे. हिना बापनं नशीब.”

गजांवरची बोटं निघून गेली.

गावातले लोक म्हणू लागले, भगत बोलवा. जिजी त्यांच्यावर अशा कडाडल्या की मी पहिल्यांदाच त्यांचा तो आवाज ऐकला.

“भूत काढाले बलावशात आनि मन्हा पोरले झोडपशात? हाऊ भूत नही शे. पाव्हना शे! त्याले कोनी पोचाडं नही, म्हनीसन बठेल शे.”

आजोबा आले त्याच दिवशी जिजींनी गाडी जुंपायला सांगितली. मी विरोध केला नाही. दुसरं काही सुचवण्यासारखं माझ्याजवळ उरलं नव्हतं. आजोबांनी स्वतः भावाच्या तोंडाला सफेदा लावला, डोळ्यांखाली काजळ ओढलं. मी कळण्याची भाकरी आणि मिरचीची चटणी फडक्यात बांधली. जिजींनी पाहुण्याला ओवाळलं — स्वतःच्या मुलाला, पाहुणा म्हणून — आणि म्हणाल्या, “काही कमी-जास्त व्हयनं व्हई ते माफ करज्या.” तो त्यांच्या पाया पडला.

भर दुपारी आम्ही नदी ओलांडली. आजोबा गाडी हाकत होते, मी मागे बसले होते. पलीकडच्या काठावर तो उतरला, शिदोरी काखेत घेतली, दोघांना नमस्कार केला आणि पाण्याच्या कडेला जाऊन बसला. खूप वेळ तोंड धूत होता. सफेदा पाण्यात ढगासारखा पसरत होता. मग त्यानं मान वर केली.

“वहिनी? आठे कसाले उनात तुम्ही? दादा, तू धुळाथीन कव्हय उना?” आणि धडपडत उठून, “सुमनी कशी शे? व्हयनं का काही?”

‘मुलगी झाली,’ एवढंच सांगून आजोबांनी गाडी वळवली.

मधल्या दिवसांतलं त्याला काहीच आठवत नव्हतं. रंगमंचावरून घराकडे धावलो, एवढंच. घरी आल्यावर त्यानं मुलीला घेतलं आणि म्हणाला, “इतली मोठी व्हई गई?” जन्मून आठवडाही न झालेली मुलगी! पण तिचा पहिला दिवस, पहिलं रडणं, त्याचं काहीही त्याच्यापाशी नव्हतं. तो पुन्हा हसू लागला, लोकांना हसवू लागला. त्या दिवसांविषयी मात्र त्यानं कोणाला अवाक्षर विचारलं नाही. कोणी बोलायला लागलं की उठून जायचा.

इथपर्यंत मी स्वतःची समजूत घालू शकते. धक्का, जागरण, जुन्या प्रथेचा मनावर बसलेला पगडा. डॉक्टर असतात, पुस्तकं असतात, त्यांत अशा गोष्टींना नावं असतात.

पुढच्या आखाजीला नथूभाऊ आले. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि मला म्हणाले, “वहिनी, मांगला साले चटनी भलती तिखी व्हती हं! नदीपार बठीसन खादी, डोयाले पानी उनं.”

मी म्हटलं, “नथूभाऊ, मागच्या वर्षी तुम्ही आला नव्हता.”

“काय मस्करी करतस वहिनी! इतला दिवस याच ओटावर बठेल व्हतू ना मी. तुमनी गाडी लवकर जुपाये ना.” मग उत्तमकडे वळून, चेष्टेनं, “आनि तू कथा व्हता रे तव्हय? घरमा आंडेर व्हयनी, आनि बापना पत्ता नही! मी जिजीले इचारं बी — घरधनी कथा गया?”

जिजी आतून दारात येऊन उभ्या राहिल्या.

आजोबा नंतर मुद्दाम खापरला जाऊन आले. नथूभाऊंच्या बायकोनं सांगितलं, शेजाऱ्यांनीही सांगितलं — त्या दिवसांत ते तापानं अंथरुणाला खिळलेले होते, हाक मारली तरी ओळखत नव्हते. आमच्या घरची हकिकत बाजारात पोचली असेल, ती त्यांनी ऐकली असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण त्या क्षणी ओट्यावर हे सगळं कोणाला सुचणार!

उत्तम पुढे झाला. वाटलं, चिडेल, नाहीतर उठून जाईल. तो नथूभाऊंच्या समोर खाली बसला. मीना त्याच्या गुडघ्याला धरून उभं राहायला शिकत होती.

“नथूभाऊ,” तो म्हणाला, “कशी व्हती ती? पयला दिन?”

नथूभाऊंची चेष्टा विरली. त्यांनी उत्तमकडे पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे; पण ते नीट मांडी घालून बसले आणि सांगू लागले. जावळ ओलं होतं, कपाळाला चिकटलेलं. एक डोळा आधी उघडला. एका दुपारी मांडीवर दिली तेव्हा रडत होती, ‘मग माझं बोट धरलं आणि सोडेना,’ ते म्हणाले. ‘मी तिला म्हटलं, रडू नको माय, तुझा बाप येतो आहे.’

मी तिथं उभी होते. मी पाहिलं होतं, अगदी तसंच ते सांगत होते. बाळाशी काय बोलणं झालं, ते मात्र मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं. सुमनही खिडकीपाशी ऐकत होती, आणि आता ती रडत होती.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. इतकी वर्षं विचार केला, दोन्ही टोकं जुळत नाहीत, आणि जुळल्याचं सोंग मी तुमच्यापुढे करणार नाही. उत्तमनं तर कधी कारण शोधलंच नाही. नथूभाऊ जिवंत होते तोवर दर आखाजीला खेळ संपला की तोच गाडी हाकत त्यांना नदीपार पोचवायचा. ते तोंड धुऊन येईपर्यंत थांबायचा, आणि मग विचारायचा,

“आजून काही याद येस का, नथूभाऊ?”