ताईच्या वांग्यांचं पार्सल

बसा, चहा घ्या. मी काय करून ठेवलं ते एकदा ऐकाच, म्हणजे मला शहाणा म्हणायची तुमची सवय तरी सुटेल.

पडघ्याजवळ माझ्या थोरल्या ताईचा वांग्यांचा मळा होता. दाजी गेल्यापासून ती एकटीच बघायची. वांग्यात अळी शिरायला लागली. फवारून फवारून ताई दमली. एक दिवस तिचा फोन आला.

"सुन्या, वांग्याच्या किडीवरचं कार्ड मागवलंय. तुझ्या गोडाऊनला येईल. जपून आण."

मी काल्हेरला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. पार्सल आलं, तर फटीतून धुळीएवढ्या माश्या बाहेर पडतायत. उघडलं. आत कार्ड, त्यावर खसखस चिकटवल्यासारखं काहीतरी, आणि वर ह्या माश्यांची वळवळ.

किडीवरचं औषध, आणि त्यालाच कीड? तुम्ही काय केलं असतं?

मी झुरळांचा स्प्रे मारला. दोनदा. मग कार्ड फडक्याने लख्ख पुसलं. वर कंपनीला फोन करून झापलं. पलीकडचा म्हणत होता, "सर, वो ज़िंदा ही भेजते हैं." मला वाटलं, काय उद्धट माणूस आहे. फोन आपटला.

संध्याकाळी मळ्यात जाऊन ताईच्या हातात पार्सल दिलं.

"किडे पडले होते. मी मारले."

ती कार्ड उलटसुलट बघत राहिली. "सगळे?"

"एक न्हाय ठेवला."

ताईने कार्ड बांधावर टाकलं. "अरे, तेच मागवले होते."

मग तिने समजावलं. कार्डावरच्या दाण्यांतून निघणाऱ्या त्या माश्या किडीची अंडीच संपवतात, अळी जन्मालाच येत नाही. कृषी खात्यातल्या बाईंनी सांगितलं होतं.

नवी कार्डं यायला तीन आठवडे होते. तोवर वांगी आतून पोखरून गेली. ताईने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही दोघांनी मिळून झाडं उपटली.

"पुढच्या साली काय लावणार?" मी विचारलं.

"काय न्हाय. तुझ्याकडं पॅकिंगला बायका घेतात ना?"

आता ती माझ्याच शिफ्टला असते. नव्या बायकांना काम मीच शिकवतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ताईने विचारलं, "पार्सलात काय वळवळताना दिसलं तर?"

"हात लावायचा न्हाय. आधी साहेबांना विचारायचं."

"साहेब कोण?"

मी खाली बघत म्हटलं, "मीच."