कमलबाई ग्रामसभेत बोलल्या
लोहाऱ्याजवळच्या एका गावात कमलबाई शाळेच्या समितीवर होत्या. बैठकीला जायचं, सही करायची, चहा घ्यायचा आणि शेताकडं निघायचं, एवढंच त्यांचं काम. लेक हर्षाली गेल्यापासून तर घरातही त्या गरजेपुरतंच बोलत. पंधरा वर्षांची पोर. गावाला त्यांनी कावीळ झाली असं सांगितलं होतं.

यंदा मुंबईत विधानसभेत एक विधेयक आलं. एका जरी पालकानं तक्रार केली, तरी सरकारी शाळेतलं पुस्तक काढून टाकायचं. त्यावर ग्रामसभांची मतं मागवली होती. शाळेच्या शिवप्रिया बाईंनी वयात येणाऱ्या मुलींना शरीराविषयीचं एक पुस्तक वाचून दाखवलं होतं. समितीचे अध्यक्ष हिंमतराव तेच हातात घेऊन सभेत उभे राहिले.

"असलं पोरींना वाचाया द्यायचं? कायदा होतोय ते लई बरं. गावानं पाठिंबा द्यावा."

शिवप्रिया बाई मान खाली घालून बसल्या होत्या. सरकारी नोकरी, त्यांना बोलायची सोय नव्हती.

कमलबाई उठल्या.

"हिंमतराव, तुमी हर्षालीच्या मातीला आला होता."

"व्हय, वैनी."

"कावीळ न्हवती ती. पाळी थांबतच न्हवती पोरीची. लाजंनं बोलली न्हाय. दवाखान्यात नेली तवर अंगात रगत उरलं न्हवतं. असं झालं तर डाक्तरकडं जावा, असं ह्या पुस्तकात लिवलंय. बाईंकडनं म्या वाचून घेतलं. ते शाळंतच राहू द्या."

आवाज कापला नाही, डोळे भरले नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सांगावं तसं त्या बोलल्या आणि खाली बसल्या. मागं बसलेल्या बायांनी हात वर केले, मग काही बाप्यांनीही. विधेयकाला विरोधाचा ठराव झाला. हिंमतरावांनी हात वर केला नाही. पुस्तक तेवढं बाईंच्या हातात नेऊन दिलं.

"सगळ्या गावापुढं कशाला काढलंस?" वाटेत नवऱ्यानं, शंभूनं विचारलं.

"निघालं तोंडातनं."

तो पुढं चालू लागला.

अशा बऱ्याच गावांचा विरोध गेला आणि विधेयक मागं घेतलं गेलं. ते सांगायला शिवप्रिया बाई धावत घरी आल्या. बोलता बोलता त्यांनाच रडू फुटलं. कमलबाईंनी त्यांना पाणी दिलं. "चांगलं झालं," म्हणाल्या. आपल्याला बरं वाटतंय का, हे त्यांनी जरा वेळ मनात चाचपून पाहिलं. हाताला काहीच लागलं नाही. बाई गेल्यावर त्या पाखडायची राहिलेली तूर घेऊन बसल्या.