नऊ वाजताचं टेस्टिंग

टेलिफोनवाल्यांकडे किस्से साचतातच. लोकांची भांडणं, सोयरिकी, सगळं आमच्याच तारेतून जातं ना! पण एक्स्चेंजातला जुना स्विच, म्हणजे फोन जोडणारं यंत्र, काढून इंटरनेटवरून आवाज नेणारी नवी सिस्टीम बसली, त्या वर्षी पोतंभर किस्से झाले.

जुन्या स्विचनं अख्खा हॉल अडवला होता. नवा आला फ्रिजएवढा! सोनाळ्याचे एक पुढारी नारळ घेऊन आले आणि मशीन शोधत फिरले. आम्ही बोट दाखवलं.

"एवढुसं? मंग हॉलात आता काय कापूस भरता काय बे?"

*

आमचे टेक्निशियन गफूरभाई, रोहिणखेडचे. जुन्या स्विचच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. नवा एकदम गप्प! पहिल्याच दिवशी त्याला कान लावून उभे. साहेब म्हणाले, "हे काय?"

"जिता हाय का, पाहून राह्यलो साहेब!"

*

नव्या फोनला घरी एक डबा लागतो आणि डब्याला वीज. लाइट गेली की फोन ठप्प! उंद्रीच्या किसनरावांनी आम्हाला लय शिव्या घातल्या. महिन्यानं मीच विचारलं, "काका, कनेक्शन काढू का?"

"काऊन काढता? आमचे याही, पोरीचे सासरे, तास तास बोलते. आता मी मेन स्विचच पाडतो. म्हनतो, लाइट गेली!"

*

सुमनबाईंची लाइन शेवटच्या खांबावरची. कापसाचा भाव विचारायला नवऱ्यानं फोन घेतला होता. बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली, त्याच साली तो गेला. वावर बाई एकट्याच करतात. लाइन सारखी बिघडायची, म्हणून गफूरभाई रोज सकाळी नऊला फोन लावायचे. "हॅलो, टेस्टिंग!" मग दोन शब्द कापसाच्या पऱ्हाटीचे, दोन पाण्याचे. बाईंना दुसरा फोन कुणाचा येणार?

नवी सिस्टीम लाइन स्वतःच तपासते. गफूरभाईंचं टेस्टिंग बंद झालं. आठ दिवसांत बाई एसटीनं ऑफिसात हजर!

"माहा फोन बंद हाय."

मी स्क्रीन पाहिला. "बाई, सगळं ओके आहे."

"मंग वाजत काऊन नाही?"

गफूरभाईंनी तक्रारीचं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'फॉल्ट सापडत नाही. रोज नऊला टेस्टिंग करणे.' साहेबांनी वाचलं आणि काही न विचारता सही ठोकली.

*

गेल्या हिवाळ्यात गफूरभाईंची बायको वारली. ते रजेवर होते तोवर नऊचा फोन मी लावला, बाईंनाही बातमी सांगितली आणि ते परत कधी येणार तेही. तीन आठवड्यांनी ते ड्युटीवर आले, पण कुणाशी बोलेनात. चहा तसाच गार झाला. नऊ वाजून गेले, फोनकडे हात जाईना.

साडेनऊला टेबलावरचा फोन वाजला. मी स्पीकर लावला. सुमनबाई होत्या.

"गफूरभाई, टेस्टिंग! आवाज येऊन राह्यला काय तुमाले?"

गफूरभाईंनी रिसीव्हर उचलला.

"हाव बाई. येऊन राह्यला."