नाक्याअलीकडचा जाकीटवाला

गिरीजला पोहोचले तेव्हा सुमनताईच्या वाडीत केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. सुमनताई माझी चुलतबहीण. ती सोलापूरहून लग्न होऊन वसईच्या या खाडीकाठच्या शेतकरी घरात आली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिने माझी पिशवी उचलण्याआधी हातावर सुकेळी (सोललेली केळी उन्हात वाळवून करतात ती) ठेवली. रंग काळपट, पण चव मधासारखी. मी तरीही विचारलं, "साखर घातलीस ना?"

"तुझी नोकरी सुटली, पण खोड नाही सुटली," ती म्हणाली.

खरं होतं. विमा कंपनीत मी गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायचे. समोरचा माणूस रडत असला तरी माझं लक्ष त्याच्या गाडीच्या टायरकडे असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करदाजी, म्हणजे सुमनताईचे यजमान, हायवेच्या टोलनाक्यापलीकडच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या बहिणीकडे गाडीने निघाले. मीही बरोबर निघाले. निर्मळच्या रस्त्यावर मोगऱ्याच्या टोपल्या मागे बांधलेल्या स्कूटर आमच्या पुढे पुढे चालल्या होत्या. आत देवळाची घंटा वाजत होती. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना कुंपणं असल्यामुळे कुणाला घाई करताच येत नव्हती.

पूर्वेला चांदीपमध्ये दाजींच्या मित्राकडे चहा झाला. हरिभाऊ त्यांचं नाव. भाताचा पेंढा रचता रचता ते म्हणाले, "हायवेला सांबाळून जा. टोलनाक्याच्या अलीकडं जाकीटवाले उभे ऱ्हातात. पोलीस हायत का आनखी कोन हायत, देव जाने."

"पैसे घेतात?" मी विचारलं.

"माला नाय माहीत. मी सायकलवर जातो."

महामार्गाला लागलो आणि निर्मळचा संथपणा एकदम संपला. दोन्ही बाजूंनी कंटेनर सुसाट जात होते. टोलनाक्याच्या बऱ्याच अलीकडे वेगमर्यादेची पाटी होती, पुढे रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे, त्याच्यापुढे खांबावर कॅमेरा. पाटीकडे कुणी बघत नव्हतं. मात्र पुढे हिरवट चमकत्या जाकिटातला एक माणूस हातात पिस्तुलासारखं यंत्र धरून उभा होता. त्याला बघून प्रत्येक गाडी ब्रेक मारत होती.

त्याने आम्हाला हात केला. दाजींनी गाडी कडेला घेतली.

"ओव्हरस्पीड आहे, काका. लायसन द्या."

दाजींनी लायसन काढून दिलंसुद्धा. मी खाली उतरले. "किती वेग होता? यंत्रात दाखवा बरं."

"मॅडम, ते लेडीज लोकांचं काम नाही."

"आकडा वाचायला बाई-पुरुष कशाला लागतो?"

त्याने यंत्र पाठीमागे नेलं. जाकीट गळ्यापर्यंत बंद होतं. नावाची पट्टी दिसत नव्हती, पायात साध्या चपला होत्या. तिशीचा असेल. डोळे सारखे रस्त्यावर, एकदा आमच्याकडे, एकदा मागच्या गाड्यांकडे.

"ओळखपत्र दाखवा, नाहीतर मी पोलिसांना फोन करते."

"नीला, जाऊ दे गं," दाजी काचेतून म्हणाले. "त्याला काय हवं ते देऊन टाकू आनी निघू."

"अजिबात नाही."

"मॅडम, कशाला वाढवता? आपण सेटल करू ना," तो म्हणाला. आणि बोलता बोलता थांबला.

तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मीही वळले. लांब मागे एक कंटेनर पट्ट्यांवरून धडधडत येत होता आणि त्याचा वेग जराही कमी होत नव्हता.

त्या माणसाने मला आमच्या गाडीपलीकडे, रस्त्याच्या कडेला ढकललं आणि नाक्याच्या दिशेने धावत सुटला. तोंडात शिट्टी, दोन्ही हात वर. "गाडी सोडा! बाहेर या, बाहेर!" त्याने अडवलं नसतं तर आम्ही टोलच्या ज्या रांगेत उभे असतो, तिच्या शेवटी, थोड्याच पावलांवर, फुलांचा एक टेम्पो उभा होता. त्याचा चालक उडी मारून पळाला. शेजारी बसलेल्या बाईंचा पदर दारात अडकला होता. जाकीटवाल्याने दार उघडलं, लुगड्यासकट त्यांना ओढलं आणि दोघं कडेच्या मातीत पडली.

मग आवाज झाला. टेम्पो चेपून पुढच्या काँक्रीटच्या कठड्यावर आदळला. मोगरा, झेंडू, काचा, सगळं रस्ताभर पसरलं. कंटेनरचा चालक जखमी झाला होता, पण शुद्धीवर होता. "ब्रेक नहीं लगा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सवयीने मी रस्ता पाहिला. टायर घासल्याची खूण कुठेच नव्हती. ब्रेक लागला नव्हता की लावलाच नव्हता, ते कळायला मार्ग नव्हता.

पोलीस आले तेव्हा जाकीटवाला नव्हता. दाजींचं लायसन आमच्या बॉनेटवर ठेवलेलं होतं. गवतात ते यंत्र पडलं होतं. मी उचललं. वेग मोजायचं नव्हतंच ते. दुकानात मालावरच्या रेघा वाचायला वापरतात ते होतं, वायर कापलेलं.

हवालदारांनी विचारलं, "तुम्हाला कोणी थांबवलं होतं?"

फुलवाल्या बाई मातीत बसून होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, त्याला पकडून देऊ नकोस. त्याने माजा जीव वाचवला."

माझ्या हातात ते यंत्र होतं. मी ते हवालदारांना दिलं. माणूस कसा दिसत होता, काय बोलला, सगळं सांगितलं. त्यानेच यांना बाहेर ओढलं, तेही सांगितलं.

"दोन्ही कसं होईल, मॅडम?" हवालदार वैतागले. "चोर होता की मदत करणारा, एक काहीतरी सांगा."

"दोन्ही झालं. माझ्यासमोर झालं."

बाईंनी तोंड फिरवलं. मला राग आला, तो त्यांचा नव्हे, एकच उत्तर मागणाऱ्या त्या प्रश्नाचा.

दाजींच्या बहिणीकडे जेवण झालं. दुपारी परतताना आम्ही रस्त्यापलीकडे पाहिलं. तुटलेल्या कठड्याला दोरी बांधली होती. बाकीच्या रांगा सुरू होत्या. जाकीटवाला उभा राहायचा तिथे कुणी नव्हतं, आणि गाड्या पाटी, पट्टे, कॅमेरा ओलांडून भरधाव नाक्यात शिरत होत्या. दाजी हळू चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते.

सोलापुरात लोक विचारतात, वसई कशी वाटली. मी वाड्यांबद्दल सांगते, फुलांबद्दल सांगते. त्या माणसाचं वर्णन दिलं ते बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं. तो सापडला की नाही, हे विचारायला मी फोन मात्र अजून केलेला नाही.