तीन वाजून बारा मिनिटांनी खोडलेली ओळ

विश्रामबागेतल्या आमच्या घरी जो संगणक आहे, तो दहा-अकरा वर्षांचा. निवृत्तीनंतर साताऱ्याजवळचं गाव सोडून आम्ही सांगलीला राहायला आलो, तेव्हा आधीचा मोडीत काढून हा घेतला आणि जुन्यातलं सगळं यात भरून घेतलं. गेल्या उन्हाळ्यात पडद्यावर रोज सूचना यायला लागली की ही सिस्टिम आता जुनी झाली, बदलून घ्या. कॉलेजच्या रस्त्यावरच्या संगणकवाल्याकडे नेला. हा गृहस्थ पन्नाशीचा, हाताने चांगला आणि तोंडाने फटकळ. त्याने मेमरी वाढवली, नवी सिस्टिम चढवली आणि मला सांगितलं, "सर, तुमचं ते लिहायचं जुनं सॉफ्टवेअर, ऑफिस, आता चालणार नाही. नव्या सिस्टिमला ते झेपत नाही."

"कालपर्यंत चालत होतं की."

"कालपर्यंत तुम्हीपण सायकलवर शाळेला जात होता."

त्याच्या जागी सॉफ्टवेअरचे तीन पर्याय त्याने सांगितले. एक वर्गणीचं, महिनाभर तसंच वापरून बघता येतं. एक कायमचं फुकट. तिसरं इंटरनेटवर उघडायचं, त्यात काही बसवावं लागत नाही. मी म्हटलं, तपासून ठरवतो. चौतीस वर्षं मास्तरकी केली, परीक्षा घेतल्याशिवाय कुणाला पास करायची सवय नाही. माझ्याकडची सगळ्यांत अवघड फाईल ज्यात नीट उघडेल, ते ठेवायचं, असं ठरवलं.

सगळ्यांत अवघड फाईल म्हणजे आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची. मी निवृत्त झालो त्या वर्षी ती निघाली आणि तिचा संपादक मी होतो. दीडशे पानं, कोष्टकं, जुना मराठी फॉन्ट. छापून आल्यापासून मी ती फाईल एकदाही उघडली नव्हती. का उघडली नव्हती, ते पुढे येईल.

इंटरनेटवाल्याने पहिल्याच पानावर हात टेकले. मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. जुना फॉन्ट असला की असं होतं. मग तो फॉन्ट जुन्या फोल्डरमधून शोधून नव्या सिस्टिममध्ये टाकला आणि फाईल फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. मराठी स्वच्छ दिसलं. पण पानभर लाल रंग होता. शब्दांवर आडव्या रेघा, मधे मधे लाल अक्षरं, उजव्या बाजूला लहान लहान चौकटी. मला वाटलं, सॉफ्टवेअरच बिघडलंय. एका चौकटीवर बाण नेला तर अक्षरं उमटली: खोडले, सर. पुढे तारीख आणि वेळ.

आधीच्या संगणकावर वापरणाऱ्याचं नाव म्हणून 'सर' एवढंच टाकलेलं होतं. शाळेतला लिपिक आम्हाला तो संगणक लावून द्यायला आला होता. त्याला आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो. त्याने विचारलं, नाव काय टाकू? माझी बायको आतून म्हणाली, "सर टाका, दुसरं कोण त्यांना काय म्हणतंय?"

मला मजा वाटली. सोळा वर्षांपूर्वीचे माझे हात दिसत होते. इथे ऱ्हस्वाचं दीर्घ केलेलं, तिथे वाक्य मोडून दोन केलेली. पानं उलटत गेलो आणि सैन्यात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीशी आलो. एकोणिसाव्या आणि विसाव्या ओळीत एकच नाव, एकच आडनाव, एकच गाव; वडिलांची नावं यादीत नव्हती. एकोणिसावी साधी, काळी. विसावीवर आडवी लाल रेघ. शेवटच्या रकान्यात शब्द होता, दिवंगत. त्याच्यावरही रेघ. चौकटीत: खोडले, सर, दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं.

मी खुर्चीतून उठलो आणि उभाच राहिलो. बायको बाहेरून म्हणाली, "चहा ठेवू का?" मी पुन्हा वाकून चौकटीतली वेळ वाचली.

आता काय झालं होतं ते सांगतो. मी हे आजवर कधी सरळ सांगितलेलं नाही.

आमच्या शाळेच्या आसपासच्या गावांतून घरटी एक माणूस सैन्यात. त्यांतल्या एका गावात दोन भावांनी आपापल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलेलं. घरात थोरला आणि धाकटा म्हणायचे, पण हजेरीपटावर दोघे एकाच नावाचे. दोघेही भरती झाले. धाकटा हवालदार होऊन परत आला. थोरला डोंगरातल्या रस्त्यावर गाडी कोसळून गेला. स्मरणिकेच्या प्रकाशनाला त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती. खास बोलावणं गेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिने शेजारच्या बाईच्या हातात पुस्तक दिलं आणि म्हणाली, "माज्या लेकाचं नाव कुटं हाय, तितं माजं बोट ठिव."

शेजारणीने शोधून तिचं बोट ठेवलं. म्हातारी बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसली. मागच्या रांगेतून हवालदार वाकला, त्याने बघितलं आणि हळूच म्हणाला, "काकी, ते माजं नाव हाय."

"आन् त्याचं?"

"न्हाई दिसत."

मी व्यासपीठावर, दहा फुटांवर होतो. मला सगळं ऐकू आलं. मी समोरच्या कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. भाऊसाहेब म्हणाले, "सर, मी दोन्ही नावं टाईप केली होती." आपल्याकडची प्रतही त्यांनी आणली होती. तिच्यात दोन्ही नावं होती. मी म्हणालो, "माझ्याकडे आली तेव्हा एकच होतं. आणि हे आता काल रात्री टाकलेलं नसेल कशावरून?"

हे मी म्हणालो. भाऊसाहेब तेव्हा पस्तिशीचे होते, अकरा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेले. त्यांनी आपली प्रत माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "तुमच्याकडची फाईल एकदा उघडून बघू या का? मी त्यात खुणा राहतील असं करून दिलं होतं. तुम्हाला पान स्वच्छ दिसेल, पण काय बदललं ते आत राहील. सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. मला ते कळलं नव्हतं आणि कळलं नाही हे कबूल करायचं नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

विषय तिथेच मिटला. मी त्या शाळेत चौतीस वर्षं होतो. भाऊसाहेबांना म्हातारीच्या घरी माफी मागायला पाठवलं. ते गेले आणि पाया पडून आले. संगणकाचं काम त्यांच्याकडून काढलं. 'नाव गाळणारा' म्हणून शिपाईसुद्धा त्यांना टोमणे मारायचे. दोन वर्षांनी बदली मागून ते कराडकडच्या शाखेत गेले आणि मलकापूरला घर केलं. आणि मी ती फाईल उघडली नाही. उघडायला दोन मिनिटं लागली असती.

लाल रेघेसमोर उभा असताना मला ती दुपार आठवली. हळूहळू नाही, एकदम. जेवून बसलो होतो, पंखा चालू होता. एकच नाव दोनदा दिसलं आणि खालच्या नावापुढे 'दिवंगत'. त्या नावाच्या माणसाला मी आठवड्यापूर्वीच एसटी स्टँडवर पाहिलं होतं, उसाचा रस पीत उभा. मला वाटलं, भाऊसाहेबांनी एकाच माणसाला दोनदा लिहिलंय, वर जिवंत माणसाला मारूनही टाकलंय. मी ओळ खोडली. एका मोठ्या चुकीतून त्यांना वाचवलं, असं मनात म्हणाल्याचंही आठवलं.

तरी मी मान्य करेना. फाईल वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. तिथे रेघेचा रंग वेगळा, बाकी सगळं तेच. तीन वाजून बारा. मग चपला घालून तडक दुकानात गेलो.

"हे सॉफ्टवेअर आपल्या मनाने काही खोडतं का?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"एकसारख्या दोन ओळी दिसल्या तर एक काढून टाकतं का?"

तो हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "सर, त्याला काय कळतंय दोन ओळी एका माणसाच्या की दोन माणसांच्या? ते माणसाला ठरवावं लागतं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने स्टूल पुढे ओढलं. "बसा. पाणी देऊ?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. भाऊसाहेब आमच्याकडे आले की पोहे खाऊन जायचे, तिला ते धाकट्या दिरासारखे. ती म्हणाली, "मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, एकदा बघा म्हणून. तुम्ही माझ्यावर आवाज चढवला होता."

हे मात्र मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही.

त्या आठवड्यात मी फुकटवाल्या सॉफ्टवेअरमधून ते पान रेघेसकट, चौकटीसकट छापून काढलं आणि एसटीने मलकापूरला गेलो. भाऊसाहेबांचे केस पांढरे झालेत. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि घडी घालून परत माझ्या हातात दिला.

"हे मला कशाला दाखवता, सर? मी दोन्ही टाईप केली होती, हे मला माहीतच आहे."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते लिहीत नाही, अपुरेच होते. ते म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही मुद्दाम खोटं बोललात. सोळा वर्षं तसंच धरून होतो. तुम्हाला आठवतच नव्हतं, हे ऐकून जास्तच राग येतोय."

त्यांच्या बायकोने दोन कप चहा आणून ठेवला. एकानेही हात लावला नाही.

मग ते म्हणाले, "त्या आजी अजून आहेत. गेल्या वर्षी बाजारात दिसल्या होत्या. मी दुसऱ्या गल्लीने गेलो. त्यांना सांगा."

"तुम्ही येता?"

"येतो. तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचंय."

दोघे त्याच दिवशी गेलो. साताऱ्यापर्यंत एसटीत शेजारी शेजारी बसलो. पुढे वडापच्या जीपने गावात. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. खूप वाकलीय, पण नजर शाबूत. भाऊसाहेबांना बघून तिने हात थांबवला.

"ह्यो त्योच न्हवं? माज्या लेकाचं नाव गाळल्याला?"

भाऊसाहेब मान खाली घालून उभे राहिले. मी म्हणालो, "आजी, यांनी नाही गाळलं. मी गाळलं. यांनी लिहिलं होतं. मला वाटलं एकच माणूस दोनदा लिहिलाय, म्हणून मी खोडलं. आणि दोष यांच्यावर ढकलला."

तिला लगेच कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग तिने माझ्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघितलं.

"आन् तू माज्या पाया पडलास ते?"

"हो, आजी."

"मी तुला काय काय बोल्ले रं त्या दिवशी. तुजी पोरंबाळं काढली."

"हो."

"आन् तू बोल्ला न्हाईस?"

"कोण ऐकलं असतं, आजी?"

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. मी इतक्या वर्षांत भाऊसाहेबांचा विचार केला तो शाळेतला. या ओट्यावर ते काय ऐकून गेले, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

"कुटं हाय ते नाव?"

मी कागद उलगडला आणि तिचं बोट विसाव्या ओळीवर ठेवलं. तिने बोट फिरवलं.

"ही तांबडी रेघ कसली?"

"ती माझी. मी खोडलं ती."

"मग काड की ती."

"कागदावरची निघणार नाही, आजी. घरी संगणकात काढतो आणि नवा कागद पाठवतो."

"तू नगं पाटवू," ती म्हणाली आणि भाऊसाहेबांकडे बोट केलं. "ह्यो आनील."

परतताना गाडीत भाऊसाहेबांनी विचारलं, "रेघ काढायची कशी, येतं का तुम्हाला?" मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला. बायको मागे उभी होती.

"फाईल उघडली? आता त्या ओळीवर जा. उजवं बटन दाबा. काय काय दिसतंय?"

"बदल स्वीकारा. बदल नाकारा."

"स्वीकारा नाही. नाकारा."

मी दाबलं. लाल रेघ गेली. विसावी ओळ एकोणिसावीसारखीच काळी होऊन खाली उभी राहिली.

"झालं का, सर?"

"झालं."

"आता सेव्ह करा. आणि ती फाईल मला पाठवा. यावेळी मी बघतो."