बर्नरचा डोळा आणि माझे हात

“आधी त्याच्या हातावर गोमूत्र टाका, मग आत घ्या.”

मालक हे मॅनेजरला म्हणले. मला न्हाई. मी समोरच उभा होतो, बॉयलरच्या खोलीबाहेर, तरी माझ्याशी बोलले न्हाईत. मॅनेजर तांब्या घेऊन आला. “कर रे हात पुढं.”

हात पुढं झालेसुदीक. सवयच तशी लावलेली.

लातूरच्या एमआयडीसीतली तेलाची मिल. मी बॉयलर ऑपरेटर. गाव रेणापूरकडं, आयटीआय केलेलं, परीक्षा देऊन सर्टिफिकेट काढलेलं. मी बौद्ध, हे मिलमधी सगळ्यांना ठाऊक. दरसाली बॉयलर बंद करून खोलतात, साफ करतात, तपासणी होते. मग बर्नर नव्यानं सेट करावा लागतो. जळणाचं तेल किती, हवा किती. हवा कमी पडली की धुराडं काळं ओकतं, लई झाली की ज्योत फडफडून विझते. पूजेच्या आदल्या दिवशी मी तेच करत होतो. पेटवायचा, स्क्रू फिरवायचा, बाहेर पळत जाऊन धुराडं बघायचं, परत यायचं. कोपरापर्यंत काजळी. संध्याकाळी ज्योत अशी साफ धरली की बघतच ऱ्हावं वाटलं. मालक येऊन बघून गेले. “झकास,” म्हणले.

दुसऱ्या दिवशी पूजा. मिलची रीत हाय, वर्षाची पहिली आग मुहूर्तावर लावायची, मालकाच्या पोरानं बटण दाबून. मग आदल्या दिवशी मी पेटवली ती काय होती? ती ट्रायल म्हणे! माझी ती ट्रायल, त्यांची ती आग. वा रे वा!

मॅनेजर म्हणला, “तू जरा बाहेरच थांब. मालकांच्या घरची मंडळी हायेत, पूजा सांगायला स्वामी आलेत. समजून घे.”

समजून घे! लातुरात भाड्यानं खोली बघत फिरलो, तवाबी हेच ऐकलं. आडनाव सांगितलं की खोली भरलेली. समजून घ्या.

दारातून सगळं दिसत होतं. पॅनलवर गोमूत्र शिंपडलं. मी फिरवलेले स्क्रू ओल्या फडक्यानं पुसले. मग हळदकुंकू. बर्नरला एक काचेचा डोळा असतो. त्याला ज्योत दिसली तरच तेल चालू ऱ्हातं, न्हाईतर बर्नर आपोआप बंद. मालकीणबाईंनी तो डोळा भक्तीनं बाहेर ओढला आणि कुंकवाचं बोट टेकवायला गेल्या.

“वहिनीसाहेब, काचेला नका!” मी बाहेरून ओरडलो.

मॅनेजरनं डोळे वटारले. वहिनीसाहेबांनी काच कुंकवानं माखली आणि डोळा परत बसवला.

पोरानं बटण दाबलं. ज्योत धरली, विझली. लाल दिवा. परत दाबलं, परत लाल. स्वामी घड्याळ बघायला लागले. तवा माझी आठवण झाली. आणि तांब्या आला.

मी हात मागं घेतले.

“काल ह्याच हातानं बर्नर लावला. काल का न्हाई धुतले?”

“लई बोलू नको. मुहूर्त चाललाय.”

“असाच येऊ द्या आत. न्हाईतर येत न्हाई.”

मालक पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. “तुझ्यासारखे छप्पन मिळतील.”

“मिळतील की. त्यांचेबी हात असेच बाटलेले निघतील.”

राग लई होता, भीतीबी होती. तसाच गेटबाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी वॉचमननं आत सोडलं न्हाई. नोकरी गेली.

बायको रडली. “हातच तर धुवायचे होते हो.” लेकरांची शाळा तिला दिसत होती, तिचं काय चुकलं? पण मी तिला म्हणलो, काजळी धुवायला मी कधी न्हाई म्हणलो का? ते गोमूत्र काजळीसाठी न्हवतं.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणले, “अरे, पूजा होती ती. मनाला कशाला लावून घेतो?” अॅट्रॉसिटीची तक्रार लिहून घेतल्याबिगर उठलो न्हाई.

आता मॅनेजर घरी चकरा मारतो. परवा म्हणला, “मालकांनी सांगितलंय, ये परत. पुढच्या पूजेचा नारळ तुझ्या हातानं फोडू. मिटवून टाक.”

नारळ तुमचा तुम्हीच फोडा. मी तक्रार मागं घेत न्हाई. मालकांनी कोर्टात उभं ऱ्हावं, माझ्याकडं बघावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, माझ्या हाताला काय लागलं होतं. ते ऐकल्याबिगर मी हटत न्हाई.